पात्र घडवताना

भूमिका-खेळाला सारीपाटासारखा पट लागतोच असे नाही. एक जण प्रसंग सांगतो, बाकीचे आपापले पात्र काय करील ते बोलतात आणि अडले की फाशांना विचारतात. १९७४ साली अमेरिकेत गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' निघाला, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला. त्यात पात्राला सहा गुण असतात. मूळ नियमांत प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि येईल ती बेरीज मानायची अशी रीत होती.

गेल्या पावसाळ्यात वसतिगृहातल्या आम्ही सहा जणांनी असाच एक खेळ रचला. विषय : रामघाटाने बेळगावहून वेंगुर्ल्याकडे माल नेणारा बैलांचा तांडा. नियमांचे काम माझ्याकडे आले. मी फाशांची रीत जशीच्या तशी उचलली. गुण ठरले बळ, चपळाई, दम, बुद्धी, धीर आणि वाणी. पहिल्याच रात्री एका मित्राला बळ ४ आणि दम ५ आला. तासाभराने तो "तुमचं चालू द्या" म्हणून झोपायला गेला.

सकाळी वहीत हिशेब मांडला. तीन फासे २१६ प्रकारे पडतात. त्यांतल्या १०४ प्रकारांत बेरीज ९ ते १२ येते, म्हणून रीत निरुपद्रवी भासते. ५ किंवा त्याहून कमी येण्याचे प्रकार अवघे १०. पण एकेकाने सहा वेळा फासे टाकायचे, तेव्हा साधारण चौघांत एकाच्या वाट्याला असा एखादा गुण येतो. झोपायला गेलेल्याचा दोष नव्हता.

मग फासे बंद केले. सरासरीने पडतात तेवढे ६३ अंक प्रत्येकाला दिले. कोणताही गुण ३ ते १८ मध्ये ठेवा, म्हटले. पाचही जणांनी बळ, चपळाई, दम प्रत्येकी १८ आणि उरलेले तिन्ही ३ ठेवले. बेरीज बरोबर ६३! तांड्यात पाच मठ्ठ पैलवान. मी चिडलो. खोलीतला माझा कन्नड सोबती शांतपणे म्हणाला, "तुझ्या खेळात बोलून मिळतं काय? सगळी मारामारीच की रे."

खरे होते. लुटारूंपलीकडे मी काही योजलेच नव्हते. मग वाणीवर कोण अंक खर्चील? आता वाटेत जकातनाके आले, वर कन्नड आणि खाली मालवणी बोलणारे व्यापारी आले, आजारी बैल आला. वाणीच्या दर ५ अंकांना एक भाषा येते असे ठरवले. झोपायला गेलेल्या मित्राने आपण होऊन बळ ५, वाणी १५ असा दुभाषी घडवला आणि अडवलेला तांडा नाक्यावरून सोडवून नेला. त्या रात्री तोच शेवटपर्यंत जागा होता.

धीर मात्र अजून कोणी घेत नाही. पुढच्या खेपेस तांड्याला रात्री भर पावसात घाटात अडकवून पाहणार आहे.