फॉरमॅटपूर्वीची खातरजमा

एका जुन्या वाचनालयाची इतिवृत्ते स्कॅन करून जतन करण्याच्या कामी मी हातभार लावीत असता, तेथील एका मेहनती कार्यकर्त्याने लिनक्सवरील ‘डिस्क्स’ हे साधन उघडून पेन ड्राइव्ह फॉरमॅट करावयास घेतला, आणि पाहता पाहता शेजारीच जोडलेली, साऱ्या पानांची एकमेव प्रत असलेली हार्ड डिस्क कोरी झाली. आदल्या दिवशी पेन ड्राइव्हला ‘एसडीबी’ हे नाव मिळाले होते आणि तेच त्याने ध्यानी धरले होते. परंतु ही नावे कोणत्याही उपकरणास कायमची बहाल केलेली नसतात, ती उपकरणे ज्या क्रमाने ओळखली जातात त्या क्रमाने वाटली जातात, आणि त्या सकाळी हार्ड डिस्क आधी जोडलेली असल्याने ते नाव तिच्या वाट्यास गेले होते.

साध्या फॉरमॅटने मुख्यतः संचिकांची सूची नव्याने मांडली जाते, मूळ मजकूर पुष्कळसा जागच्या जागी राहतो. म्हणून त्या डिस्कवर एक अक्षरही लिहू न देता ‘फोटोरेक’ हे पुसलेल्या संचिका शोधणारे साधन चालवून सापडेल ते दुसऱ्या डिस्कवर उतरविले. पाने बहुतेक परत आली, पण सभेची तारीख व पृष्ठांक सांगणारी नावे गेली आणि त्यांच्या जागी निव्वळ क्रमांक आले, तेव्हा कोणते पान कोणत्या सभेचे, हे प्रत्येक पान वाचून ठरवावे लागले. ती तसदी आठवली की आजही मला वाईट वाटते, कारण काम दुसऱ्याच्या श्रमांचे होते.

म्हणून माझे आग्रहाचे सांगणे असे, की फॉरमॅट करण्याआधी इतर सर्व बाह्य उपकरणे काढून ठेवावीत, आणि ‘डिस्क्स’च्या डावीकडील यादीतून निवड केल्यावर नावावर विसंबून न राहता उत्पादकाचे नाव व क्षमता या दोहोंची खातरजमा करावी. क्षमतेचे आकडे पाहताना गोंधळू नये. ‘जीपार्टेड’ हे विभागणीचे दुसरे साधन 1024 च्या पटीत मोजत असल्याने 32 जीबीचा ड्राइव्ह तेथे 29 च्या आसपास दिसतो, त्यात खोट काही नसते. ‘डिस्क्स’मधील ‘फॉरमॅट पार्टिशन’ एका विभागापुरते असते, ‘फॉरमॅट डिस्क’ मात्र विभागणीची नोंदच पुसते. हा भेद ज्यास ठाऊक नाही त्याने या दुसऱ्या पर्यायास हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ‘जीपार्टेड’ मध्ये फेरफार आधी नोंदले जातात आणि ‘अप्लाय’ दाबल्यावरच अमलात येतात. ही मुभा मोलाची आहे, तेव्हा त्या यादीवरून एकवार नजर फिरवावी.

फॉरमॅटचा प्रकार कोणता निवडावा, हे ड्राइव्ह कोठे जाणार यावर ठरते. छपाईच्या दुकानापासून दूरदर्शन संचापर्यंत बहुतेक सर्वत्र फॅट चालते, मात्र 4 जीबीहून मोठी संचिका त्यात मावत नाही. तशी गरज असल्यास एक्सफॅट घ्यावे. ईएक्सटी4 केवळ लिनक्समध्ये वापरावयाच्या ड्राइव्हसाठी राखावे, कारण त्यात मालकी व परवानग्यांच्या नोंदी असतात आणि दुसऱ्या यंत्रावर तोच ड्राइव्ह लिहू देण्यास नकार देऊ शकतो. ड्राइव्ह परक्याच्या हाती द्यावयाचा असेल तर ‘डिस्क्स’मधील ‘इरेज’चा पर्याय चालू करून सर्व जागा शून्यांनी भरू द्यावी, वेळ लागला तरी लागो.

आणि नकलेची खिडकी मिटली म्हणजे नक्कल पुरी झाली असे समजू नये. मजकूर बराच वेळ स्मृतीत थांबून मागाहून ड्राइव्हवर उतरतो, यासाठी ‘इजेक्ट’ दाबून, ड्राइव्ह काढण्यास हरकत नाही असा संदेश येईपर्यंत त्यास हात लावू नये.