पाणीवाली बाई : हंड्यापासून विधानसभेपर्यंत



मागच्या महिन्यात कोथरूडला आपलं प्रशिक्षण झालं. मुळशीकडच्या बऱ्याच जणी पौड रोडने बसने आल्या होत्या. चहाच्या वेळेला एका गटाची सचिव माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "ताई, यंदा ग्रामपंचायतीला गटातल्या बायका माझं नाव घेतायत. पण सासूबाई म्हणतात, चांगल्या घरच्या बाईने राजकारणात पडू नये. फॉर्म भरू का नको?" तिच्या वाडीचा हातपंप होळीनंतर कोरडा पडतो. त्यावर ती तासभर बोलली असती, पण बसची वेळ झाली आणि उत्तर राहून गेलं. म्हणून या वेळचा पाठ तिच्यासाठी. तुमच्यातल्या अजून चार-पाच जणींच्या मनात हेच चाललं असेल, तर त्यांच्यासाठीही.

मृणाल गोरे हे नाव तुमच्या आईने नक्की ऐकलं असेल. 1928 सालचा जन्म. डॉक्टर व्हायला निघालेली हुशार मुलगी. राष्ट्र सेवा दलाच्या कामात पडली आणि शिक्षण सोडलं. केशव उर्फ बंडू गोरे यांच्याशी लग्न करून मुंबईच्या गोरेगावात राहायला आली. आज गोरेगाव म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उंच इमारती येतात, पण तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती. (आपलं कोथरूडही आधी गावच होतं. इथल्या जुन्या बायकांना विचारा.) त्या ग्रामपंचायतीत मृणालताई निवडून आल्या. म्हणजे आपली ही ताई जिथून सुरुवात करू की नको म्हणतेय, तिथूनच त्यांनी सुरुवात केली.

1958 साली पती गेले. पदरात लहान मुलगी. अशा वेळी बाई घरात बसली असती तरी कुणी नाव ठेवलं नसतं. पण 1961 साली त्या मुंबई महापालिकेवर निवडून गेल्या आणि पाण्याच्या मागे लागल्या. उपनगरातल्या वस्त्यांना नळ नव्हते आणि जिथे होते तिथे पाणी नव्हतं. हंडे घेऊन बायकांचे मोर्चे निघाले. मोर्च्याने काम सुरू होतं, संपत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. अर्ज, सभागृहातले प्रश्न, अधिकाऱ्यांचा पाठपुरावा हे सगळं मागोमाग चालू राहिलं. पाणी आलं तेव्हा लोकांनी त्यांचं नावच ठेवलं, पाणीवाली बाई.

1972 साली त्या विधानसभेत गेल्या. तो काळ दुष्काळाचा. तेल, साखर, रॉकेल मिळेना, मिळालं तर परवडेना. तेव्हा महागाईविरोधी महिला समिती उभी राहिली. मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग, म्हणून इथे जरा थांबते. मृणालताई आणि प्रमिला दंडवते समाजवादी, अहिल्या रांगणेकर आणि तारा रेड्डी कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण डबा रिकामा सगळ्यांच्याच घरी. बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, थाळ्या वाजवल्या. लाटणं घ्यायला कुणाची परवानगी लागत नाही आणि ते विकतही आणावं लागत नाही! आपल्या गटातसुद्धा एकीचं घर या पक्षाचं तर दुसरीचं त्या. तरी दर महिन्याची बचत एकाच पेटीत पडते ना? मग गावच्या पाण्यासाठी एकत्र यायला काय हरकत आहे?

1975 च्या आणीबाणीत त्या आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. 1977 ला लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधींचा पराभव झाला. तेव्हा "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा घरोघर पोचली.

घोषणा लक्षात राहते, पण पुढची दोन कामं जास्त मोठी. 1985 साली त्या पुन्हा विधानसभेत आल्या. तेव्हा गर्भजलपरीक्षा करून मुलगी आहे असं कळलं की गर्भ पाडला जायचा. मृणालताईंनी त्याविरुद्ध सभागृहात विधेयक मांडलं, बाहेर महिला संघटनांनी लावून धरलं. 1988 साली महाराष्ट्राने अशा चाचण्यांवर बंधन घालणारा कायदा केला. असा कायदा करणारं हे देशातलं पहिलं राज्य. केंद्राचा कायदा आला 1994 साली. दवाखान्यात "येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही" अशी पाटी आपण वाचतो, तिच्या मागे ही सगळी लढाई आहे. दुसरं काम घरांचं. नागरी निवारा परिषदेतून गोरेगावला दिंडोशीजवळ कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सहा हजारांवर घरं उभी राहिली. 17 जुलै 2012 रोजी मृणालताई गेल्या.

आता ताईच्या प्रश्नाकडे येऊ. सासूबाई चुकीचं बोलतात असं मी म्हणणार नाही. त्यांनी जे राजकारण पाहिलंय ते तसंच असेल. त्यांना हातपंपापाशी घेऊन बसा आणि विचारा, पाणी मागायला जाणं हे राजकारण की घरकाम? आणखी एक. महाराष्ट्रात पंचायतीच्या निम्म्या जागा बायकांसाठी राखीव आहेत, पण कित्येक ठिकाणी सही बाईची आणि खुर्चीत नवरा. तसं होणार असेल, तर फॉर्म भरण्याआधीच घरात स्पष्ट बोलून घ्या. नंतर बोलणं जड जातं.

निवडणूक व्हायची तेव्हा होईल. त्याआधी ग्रामसभा येईलच, आणि तिच्या आधी महिला सभा घ्यायची असते. पुष्कळ गावांत ती कागदावरच होते. या वेळी गटातल्या सगळ्या जणी जा. हातपंपाचा विषय लेखी द्या, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घ्या. ठराव इतिवृत्तात लिहिला गेला का, ते सही करण्याआधी वाचून बघा. वाचता येत नसेल तर सीआरपी ताईला मोठ्याने वाचायला सांगा.

आणि सचिव ताई, पुढच्या बैठकीला येताना अर्जाची ती पोच घेऊन ये. फॉर्मचं काय ते तेव्हा निवांत बसून बोलू. या वेळी मी तुला शेवटच्या बसपर्यंत थांबवून घेणार आहे.