बाक उलटा करून पाहा

बागेत ठेवायला जुना बाक किंवा जुनी खुर्ची घ्यायची असेल, तर विकणाऱ्याने नुकतीच रंगवलेली घेऊ नका. गंजलेली चालेल, पोपडे सुटलेली चालेल, बैठकीची एखादी पट्टी कुजलेली असली तरी चालेल. ते दोष डोळ्यांना दिसतात आणि बहुतेक दुरुस्त होतात. ताज्या काळ्या ऑइलपेंटखाली काय झाकलंय ते मात्र आपल्याला कोणी सांगत नाही.

मी हे इतक्या ठामपणे सांगते, त्याला कारण आहे. रत्नागिरीजवळच्या आमच्या घरी आंब्याखाली ठेवायला मुंबईतल्या एका दुकानातून आम्ही लांब बाक आणला. दोन्ही बाजूंना वेलबुट्टीचे बिडाचे पाय, मधे सागवानी पट्ट्या. ‘ब्रिटिश काळातला, रेल्वेचा आहे’ असं दुकानदाराने सांगितलं होतं. दिवाळीत सासूबाई आणि त्यांच्या जाऊबाई त्यावर गप्पा मारत बसल्या असताना डावा पाय जमिनीपासून वीतभर उंचीवर कडकन तुटला. सासूबाईंचं उजवं मनगट मोडलं. त्या वयात हाड सावकाश जुळतं. वेणी घालण्यापासून भाकरी मोडण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीसाठी दुसऱ्याची वाट पाहणं त्यांना फार जड गेलं.

दुसऱ्या दिवशी तुटलेला पाय मी उन्हात नेऊन पाहिला. मोडलेल्या जागी ताज्या बिडाचा करडा रंग जेमतेम बोटभर दिसत होता. बाकी सगळा भाग जुन्या गंजाने तपकिरी झालेला, वर वेल्डिंगची गाठ, तिच्यावर लांबी भरून घासलेली आणि त्यावर रंगाचे दोन हात. पाय आधीच मोडलेला होता. तो जोडून, झाकून आम्हाला विकला होता. दुकानदाराला फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘‘जुन्या वस्तूला गॅरंटी नसते, ताई.’’ गॅरंटी नसते हे मान्य. पण मोडलेला पाय सांगायला हवा होता. आपल्या बाकावर म्हातारी माणसं आणि लहान मुलंच जास्त बसतात.

त्यानंतर बिडाविषयी मी बरंच समजून घेतलं. बीड म्हणजे दोन ते चार टक्के कार्बन असलेलं ओतीव लोखंड. त्यातला बराचसा कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्यामुळे ते दाब उत्तम सहन करतं, ताण मात्र सोसत नाही. घडीव लोखंड आधी वाकतं आणि धोका दाखवतं. बीड वाकत नाही, एकदम तुटतं. नेहमीच्या वेल्डिंगने एकाच जागी प्रचंड उष्णता लागते, शेजारचा भाग थंड होताना कडक आणि ठिसूळ होतो आणि जोडाच्या बाजूलाच नवी चीर पडते. बीड जोडायचं तर ते आधी सगळीकडून तापवावं लागतं, निकेलची कांडी वापरावी लागते आणि राखेत किंवा वाळूत पुरून हळूहळू निववावं लागतं. हे जाणणारा कारागीर मिळाला तर उत्तम. नाहीतर मोडलेल्या भागामागे जाड लोखंडी पट्टी ठेवून ती बोल्टने आवळणं जास्त भरवशाचं. ती दिसते, आणि दिसावीच.

खरेदीला जाताना खिशात लहानसं लोहचुंबक ठेवा. बाक उलटा करायला सांगा, आणि दुकानदार कुरकुरला तर तिथूनच परत फिरा. पायावरून चुंबक हळूहळू फिरवत न्या. बिडावर ते घट्ट धरतं. जिथे लांबी जाड भरलेली असेल तिथे पकड ढिली पडते. ते कुठेच चिकटलं नाही, तर वस्तू अ‍ॅल्युमिनियमची, म्हणजे अलीकडची नक्कल आहे. अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या साधारण सदतीस-अडतीस टक्केच वजनाचं असतं, त्यामुळे एक टोक उचललं तरी फरक कळतो. मग नाण्याने ठोकून पाहा. धड बीड खणखणतं, चिरलेलं बद्द वाजतं.

जुनेपणाच्या खुणाही बहुतेक खालच्या बाजूलाच सापडतात. जुन्या बाकाला चौकोनी नट आणि एकाच खाचेचे स्क्रू असतात. फुलीच्या खाचेचे स्क्रू १९३०च्या दशकात बाजारात आले. ते दिसले तर निदान ती दुरुस्ती त्यानंतरची, आणि सगळेच तसे असले तर बहुधा बाकही नंतरचा. जुन्या पायाचा साचा काढून त्यातून ओतलेली नक्कलही असते. ओतलेलं बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसतं, म्हणून नक्कल मूळ पायापेक्षा किंचित लहान भरते आणि नक्षीच्या कडा बोथट येतात. इंग्लंडच्या श्रॉपशायरमधल्या कोलब्रुकडेल ओतशाळेचे नेच्यांच्या पानांचे बाक जगभर प्रसिद्ध आहेत, म्हणून त्यांच्या नकलाही जगभर आहेत. १८४२ ते १८८३ या काळात इंग्लंडमध्ये नोंदवलेल्या नक्षीवर शंकरपाळ्याच्या आकाराचा शिक्का असे. तो ठसठशीत आणि वाचता येण्याजोगा असेल तर थोडा विश्वास ठेवायला हरकत नाही.

रेल्वेच्या बाकांबद्दल वेगळं सांगायला हवं. जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, १९५१मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली. तिची अक्षरं असलेल्या बाकाला गिऱ्हाईक लगेच मिळतं, म्हणून ती अक्षरं पायाबरोबरच ओतलेली आहेत की मागाहून चिकटवलेली, हे नखाने चाचपून पाहा. खरी असली तरी कागद मागा. रेल्वेची मालमत्ता बेकायदा जवळ बाळगणं हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. भंगाराच्या लिलावातून आलेल्या वस्तूची पावती असते. ती दाखवता येत नसेल, तर तो बाक तिथेच राहू द्या. आणि परदेशातल्या मुलासाठी, भावासाठी जुनी वस्तू पाठवायची असेल तर हेही लक्षात असू द्या, की १९७२च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे ऐतिहासिक मोलाची, शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

लाकडाच्या बाबतीत माझं मत सरळ आहे. घराबाहेर ठेवण्यासाठी घडवलेली वस्तूच बाहेर ठेवावी. इराण्याच्या हॉटेलातल्या गोल पाठीच्या खुर्च्या आता विकायला येतात आणि अंगणात त्या सुरेख दिसतात. पण त्या बहुधा वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाच्या असतात. हे लाकूड ओल अजिबात सोसत नाही. एका पावसाळ्यात बुरशी धरते, भुंगा लागतो. लांब हातांच्या, वेताने विणलेल्या आरामखुर्च्या पडवीतच शोभतात. शिसवी फर्निचरचं फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. पाणी बसलं की तिच्यावर पांढरे डाग उमटतात. उघड्यावर टिकतो तो सागाचा गाभा. तो उन्हापावसात रुपेरी करडा होतो आणि तसाच छान दिसतो, त्याला वॉर्निश फासू नये. मात्र सागाचं बाहेरचं पांढरट लाकूड वाळवी खाते, म्हणून पट्टीच्या कडा नीट बघा. पायांच्या तळाशी टोचण मारा. ती सहज आत गेली तर पाय कुजलाय.

आमच्याकडे वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, शिवाय खारा वारा. बाकाचे पाय मातीत टेकवू नयेत, खाली जांभ्याचा चिरा किंवा शहाबादी फरशी घालावी. बैठकीच्या पट्ट्यांमध्ये बोटभर फट हवी, म्हणजे पाणी साचत नाही. सागाला पितळी स्क्रू वापरा. लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं आणि स्क्रूही गंजून जातो. बिडाला घासून रेड ऑक्साइडचा हात, वर ऑइलपेंट. हे दरवर्षी मृगाच्या आधी करावं.

घासताना काळजी घ्या. जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता फार. आपल्याकडे घरगुती रंगातल्या शिशावर दशलक्षात नव्वद भागांची मर्यादा लागू झाली ती २०१७च्या नोव्हेंबरात. त्यापूर्वीचा थर कोरडा खरवडू नका. ओल्या पॉलिश पेपरने घासा, तोंडाला चांगला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा आणि निघालेला चोथा बागेत टाकू नका. तिथेच आपण आळू आणि मिरच्या लावतो.

आमच्या बाकाला आता गावच्या लोहाराने दोन्ही पायांमागे पट्ट्या बसवून दिल्या आहेत. सासूबाई मात्र शेजारच्या जांभ्याच्या ओट्यावर बसतात, आणि आम्ही त्यांना बाकावर बसायचा आग्रह करत नाही. जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे. मोडलेलं झाकू नका, दाखवा आणि तेवढी किंमत कमी करा. आणि तुम्ही बाक घरी आणलात, तर त्यावर आधी घरातली दोन धडधाकट माणसं बसवून, हलवून पाहा. वडीलधाऱ्यांना बसवायचं ते त्यानंतरच.