'अपरोक्ष', 'अक्षरशः' आणि 'माध्यमातून' : शब्दांच्या गैरवापराचा निकष

बोलण्यातील एखादा शब्द चुकीचा ठरविताना सामान्यतः व्युत्पत्तीचा आधार घेतला जातो. शब्दाचा मूळ अर्थ अमुक होता, आज तो वेगळ्या अर्थाने योजला जातो, म्हणून आजचा वापर अशुद्ध, अशी ही मांडणी असते. हा निकष काटेकोरपणे लावावयाचा तर मराठी भाषकाला रागावण्याचीही सोय उरणार नाही. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, आसक्ती, अनुराग. मराठीत तो क्रोधवाचक झाला. 'चेष्टा' ही हालचाल किंवा प्रयत्न न राहता थट्टा झाली. आणि ज्या 'शिक्षे'ला वेदांगांत स्थान आहे, तिचा मराठीतील अर्थ कोणत्याही शाळकरी मुलाला समजावून द्यावा लागत नाही. यांना कोणी गैरवापर म्हणत नाही, म्हणूही नये. तेव्हा अर्थांतर कोठे संपते आणि गैरवापर कोठे सुरू होतो, हे व्युत्पत्तीकडून कळणार नाही. शब्दाच्या नव्या वापरामुळे भाषेतील एखादा भेद व्यक्त करण्याची सोय नाहीशी होते काय, हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते. रोजच्या वापरातील तीन शब्द या दृष्टीने तपासण्यासारखे आहेत.

'माझ्या अपरोक्ष हे घडले' हे वाक्य 'मी नसताना घडले' या अर्थाने सर्रास बोलले जाते. वस्तुतः 'परोक्ष' म्हणजे डोळ्यांच्या पलीकडचे, आणि 'अपरोक्ष' म्हणजे त्याच्या उलट, साक्षात. पाणिनीने लिट् या भूतकाळाच्या प्रयोगासाठी परोक्षतेची अट घातली आहे. आणि परोक्ष म्हणावे तरी कशाला, यावर पतंजलीने महाभाष्यात नाना मते नोंदविली आहेत. कोणी शंभर वर्षांपूर्वीचे म्हणतो, कोणी हजार वर्षांपूर्वीचे, कोणी भिंतीआडचे, तर कोणी दोन-तीन दिवसांपूर्वीचे. मराठीत मात्र 'माझ्या परोक्ष' आणि 'माझ्या अपरोक्ष' हे दोन्ही प्रयोग एकाच अर्थाने चालतात. नकारार्थी 'अ' लागूनही अर्थ बदलत नाही, ही गोष्ट प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. परंतु तिची संगती लागू शकते. 'प्रत्यक्ष–अप्रत्यक्ष' ही जोडी मराठी भाषकाच्या कानात पक्की बसलेली आहे. तिच्या सादृश्याने 'अ'ने आरंभ होणारा शब्द अनुपस्थितीचा वाचक मानला गेला असावा.

या बदलाने व्यवहारातील भेद पुसला गेलेला नाही. उपस्थितीसाठी 'समक्ष', 'देखत', 'समोर' हे शब्द शाबूत आहेत, आणि 'अपरोक्ष' ऐकून कोणाचा गैरसमजही होत नाही. हानी होते ती दुसरीकडे, वेदान्तपर वाङ्मयाच्या वाचनात. 'अपरोक्ष ज्ञान' म्हणजे साक्षात्काररूप ज्ञान. आजच्या बोलीच्या आधाराने हा शब्द वाचणारा विद्यार्थी त्याचा अर्थ नेमका उलटा लावील, आणि त्यात त्याचा दोष थोडाच असेल. 'रागद्वेष' या समासाचीही तीच गत आहे. त्यातील 'राग' म्हणजे आसक्ती हे लक्षात न आल्याने दोन विरोधी वृत्तींचा हा समास अनेकांना क्रोध आणि मत्सर अशा जवळच्या विकारांची जोडी वाटतो. अशा ठिकाणी बोलणाऱ्याला दुरुस्त करण्याचे कारण नाही. वाचणाऱ्याला सावध करणे हे अध्यापकाचे काम आहे.

'अक्षरशः' या शब्दाची स्थिती याहून गंभीर आहे. 'क्रमशः', 'शतशः' यांप्रमाणे शस् प्रत्यय लागून तो सिद्ध होतो. अर्थ, अक्षर न् अक्षर. 'नक्कल अक्षरशः उतरवली', 'त्याचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले' हे त्याचे रास्त प्रयोग. आता पावसाने अक्षरशः धुमाकूळ घातलेला असतो, प्रेक्षक अक्षरशः वेडे झालेले असतात. जे लक्षणेने बोलले जात आहे तेच अभिधेने घ्या, असे हा शब्द सांगतो. आणि ऐकणारा अर्थातच तसे घेत नाही. काही काळाने शब्द केवळ जोर देण्यापुरता उरतो. पाठचिकित्सकाला हे परवडणारे नाही. 'ही प्रत दुसऱ्या प्रतीशी अक्षरशः जुळते' हे त्याचे विधान तपासून पाहता येण्याजोगे असते. तेथे 'अक्षरशः' म्हणजे 'फारच' असे वाचले गेले, तर ते विधान वर्णन होऊन बसते. 'शब्दशः' त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण शब्द तोच राहून ऱ्हस्व-दीर्घ किंवा अनुस्वार बदललेल्या प्रती असतातच.

तिसरा प्रयोग 'च्या माध्यमातून'. भाषणे, बातम्या, अहवाल आणि आता घरगुती बोलणेही त्याने व्यापले आहे. मराठीत साधन, कर्ता आणि मध्यस्थ दाखविण्याच्या पद्धती निरनिराळ्या आहेत. 'सुरीने कापले' यात साधन आहे. 'त्याच्याकडून चूक झाली' यात कर्ता. 'मुलाकरवी निरोप धाडला' यात करविता आणि करणारा असे दोघे. 'बँकेमार्फत पैसे पाठवले' यात मध्यस्थ. या चारही जागी 'माध्यमातून' बसविता येते, आणि कोणी काय केले हे त्यातून कळेनासे होते. 'समितीच्या माध्यमातून निधी देण्यात आला' या वाक्यात निधी समितीचा होता, की समितीने तो केवळ वाटला? पुढे हिशेब मागावयाचा तर तो कोणाकडे, हे वाक्य सांगत नाही. 'देण्यात आला' या क्रियापदाने कर्ता आधीच दडवलेला असतो. 'माध्यमातून'ने त्याचा उरलासुरला मागही पुसला जातो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सावरकर आणि माधव जूलियन यांच्या भाषाशुद्धीच्या विचारात शब्दाचा कस लागला तो त्याच्या कुळावरून. प्रस्तुत तिन्ही शब्द कुळाने निर्दोष, संस्कृतोद्भव आहेत. उलट 'मार्फत' हा अरबी कुळातला शब्द आपली मध्यस्थी आजही चोख बजावतो. परका शब्द जपून वापरला जातो आणि तत्सम शब्द भारदस्तपणासाठी, हे यामागचे कारण असू शकेल.

साहित्याच्या अभ्यासकांनी मात्र हा दोष केवळ वृत्तपत्रांच्या आणि पुढाऱ्यांच्या माथी मारू नये. 'कादंबरीच्या माध्यमातून लेखकाने स्त्रीजीवनाचे चित्रण केले आहे' हे वाक्य प्रबंधांत आणि उत्तरपत्रिकांत सारख्याच सहजतेने येते. त्यात एक वाङ्मयीन सिद्धान्त न सांगता गृहीत धरलेला असतो. आशय आधीच तयार होता, कादंबरी ही त्याची केवळ वाहक. तोच आशय नाटकाच्या किंवा कवितेच्या माध्यमातूनही तसाच पोचला असता, असा तो सिद्धान्त. आशय आणि अभिव्यक्ती अभिन्न आहेत असे प्रास्ताविकात प्रतिपादणारा अभ्यासकही चौथ्या प्रकरणात बेलाशक 'माध्यमातून' लिहून जातो. 'कादंबरीत' एवढे म्हणूनही ते वाक्य पुरे होते. मग कादंबरीत हे जीवन कसे दिसते, कोणाच्या निवेदनातून, कोणत्या कालक्रमाने, कोणता भाग वगळून, हे पुढच्या वाक्यात सांगणे अभ्यासकाला भाग पडते.