शेवटचा दिवा कोणी मालवायचा? – संगणकाच्या गाभ्यातील वीज-नियमनाचा एक पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने संगणकाविषयी लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आपल्या शाळेतून बाहेर पडलेले अनेक विद्यार्थी आज याच क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांच्यापैकी एकाने सुटीत घरी येऊन मला जे समजावून सांगितले, तेच येथे पाठाच्या रूपाने मांडत आहे. या वेळी विद्यार्थी मी होतो.

लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नेल, १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या तरुणाने लिहावयास घेतला. आज अँड्रॉइड मोबाइलपासून महासंगणकांपर्यंत तो सर्वत्र आहे. यंत्रातील प्रत्येक भागाशी बोलण्यासाठी कर्नेलमध्ये ‘ड्रायव्हर’ नावाचे दुभाषे असतात. अनेक भागांना जोडणाऱ्या सामाईक तारांना ‘बस’ म्हणतात, तर प्रत्येक भागाला योग्य दाबाची वीज पुरविणाऱ्या मंडलाला ‘रेग्युलेटर’ म्हणतात.

यांपैकी फिलिप्स कंपनीने विकसित केलेली ‘आय-टू-सी’ ही बस उदाहरणादाखल घेऊ. तिच्यात दोनच तारा असतात : एक माहितीची, दुसरी तालाची. जोडलेली कोणतीही चिप तार खाली ओढू शकते; वर नेऊ शकत नाही. तार वर ठेवण्याचे काम वीजपुरवठ्याला जोडलेले रोधक करतात. हा पुरवठा बंद पडला की तारा खालीच राहतात. मग बस कोणीतरी वापरत आहे असे समजून नियंत्रक वाट पाहत बसतो. उलटपक्षी, पुरवठा कायम चालू ठेवला तर यंत्र झोपले असतानाही बॅटरीतील वीज झिरपत राहते. एवढ्याशा गोष्टीत खरा प्रश्न दडलेला आहे : वीज केव्हा चालू करावी, केव्हा बंद करावी, आणि ती जबाबदारी कोणाची?

या प्रश्नासाठी २००८ साली कर्नेलमध्ये रेग्युलेटरांची एक समान व्यवस्था दाखल झाली. तिचा नियम आपल्या वसतिगृहात राहिलेल्या कोणालाही सहज कळेल. अभ्यासिकेत पहिला येणारा दिवा लावतो. मधला उठून गेला म्हणून दिवा मालवत नाही. शेवटचा जातो तेव्हाच अंधार होतो. कर्नेलही असाच हिशेब ठेवते. ड्रायव्हर आधी रेग्युलेटर मागून घेतो, मग ‘चालू’ सांगतो, काम संपल्यावर ‘बंद’ सांगतो आणि शेवटी तो परत करतो. ‘चालू’ म्हणणाऱ्यांची संख्या शून्यावर आल्यावरच वीज तोडली जाते. जो ड्रायव्हर स्वतः लावलेल्यापेक्षा अधिक वेळा बंद करू पाहतो, त्याला कर्नेल इशारा देते. तसेच कोणी कितीही मागितले तरी त्या पट्टीसाठी आखून दिलेल्या विद्युतदाबाच्या मर्यादेबाहेर कोणाला जाता येत नाही.

क्रमही तितकाच महत्त्वाचा. आधी वीज, मग दाब स्थिर होईपर्यंत थोडा धीर, त्यानंतर बोलणे. मध्येच चूक झाली तर जे जे चालू केले ते उलट्या क्रमाने बंद करीत मागे यावे. रेग्युलेटर स्वतःच अद्याप तयार नसेल, तर ड्रायव्हर हार न मानता ‘नंतर पुन्हा विचारा’ असे सांगून रांगेत थांबतो.

आता या पाठाचा कठीण भाग. बसचा पुरवठा प्रत्येक नियंत्रकाच्या ड्रायव्हरने सांभाळावा, की सर्वांसाठी सामाईक असलेल्या भागाने? तेच ते काम प्रत्येकाने पुन्हा पुन्हा लिहिण्यापेक्षा एका ठिकाणी व्हावे, हा विचार योग्यच होता. त्यानुसार २०२१ मध्ये आय-टू-सीच्या सामाईक भागात तशी सोय करण्यात आली. परंतु एएमडीच्या ग्राफिक्स चिप असलेल्या संगणकांत निद्रावस्थेत जाण्याची क्रिया बिघडली. टप्प्याटप्प्याने दुरुस्ती जमेना, तेव्हा २०२२ च्या आरंभी ती सोय मागे घेण्यात आली. मात्र जे ड्रायव्हर तिच्यावर विसंबू लागले होते ते मोडू नयेत, म्हणून त्यांना लागणारी रचना तेवढी जागेवर ठेवली गेली.

असे का होते? कारण झोपताना आणि उठताना सर्वांचा क्रम एकमेकांत गुंतलेला असतो. अनेक मोबाइलांत वीज वाटणारी मुख्य चिपच आय-टू-सी बसवर बसलेली असते. त्या बसची वीज तोडली, तर ती पुन्हा चालू करण्याचा आदेश कोणत्या तारेवरून पाठवायचा? विहिरीत उतरून दोर कापण्यासारखाच हा प्रकार.

इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला सर्वांत भावले ते निराळेच. ही सोय केव्हा आली, कोणी आणली, का काढली, याची नोंद कर्नेलच्या दप्तरात आजही कोणालाही वाचता येते. चूक पुसून टाकलेली नाही. कारणासह जपून ठेवली आहे. पुढे येणाऱ्याने त्याच खड्ड्यात पडू नये, यासाठी.

तेव्हा आज नववी-दहावीत असलेल्या मुलामुलींना सांगणे एवढेच : या गाभ्याचा प्रत्येक शब्द वाचावयास खुला आहे, आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. आपण काय चालू केले ते लक्षात ठेवा, निघताना ते बंद करा; पण मागे कोणी वाचत बसले आहे का, हे आधी पाहा.