सणाचा अर्थ विचारणारें मूल



पवित्र शास्त्रांत सणांचे जे नियम दिले आहेत, त्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. निर्गमाच्या १२ व्या अध्यायांत मोशे लोकांस वल्हांडण सणाचा विधि सांगतो. कोंकरूं कसें निवडावें, भाकर कशी करावी, कंबर बांधून कसें जेवावें, हें सर्व सांगितल्यावर तो म्हणतो कीं, पुढें तुमचीं मुलें ह्या विधीचा अर्थ तुम्हांस विचारतील. तेव्हां मिसर देशांत देवानें आपलीं घरें कशीं राखलीं, तें त्यांस सांगा. म्हणजे मुलाचा प्रश्न हा त्या सणाचाच एक भाग आहे. आधीं कृति, मग प्रश्न आणि शेवटीं उत्तर, असा हा क्रम आहे. आम्ही शिक्षक पुष्कळदां ह्याच्या उलट करतों. उत्तर आधीं सांगून टाकतों आणि प्रश्न परीक्षेसाठीं राखून ठेवतों.

शास्त्रांतील सण आपल्या ख्रिस्ती घरांत वाचन, भोजन व हस्तकाम ह्यांच्या द्वारें कसे पाळतां येतील, ह्याचा थोडा विचार येथें करावयाचा आहे. हे सण पाळणें आपणांवर बंधनकारक नाहीं. सणांविषयीं कोणीं कोणास दोष लावूं नये असें पौलानें कलस्सैकरांस स्पष्ट लिहिलें आहे. परंतु आपला प्रभु ह्याच सणांत लहानाचा मोठा झाला. वयाच्या बाराव्या वर्षीं तो आईबापांबरोबर वल्हांडणासाठीं यरुशलेमेस गेला; मांडवांच्या सणांत त्यानें मंदिरांत शिक्षण दिलें; वल्हांडणाच्या दिवसांतच त्यानें शिष्यांबरोबर शेवटचें भोजन केलें. हे सण ज्यास ठाऊक नाहींत, तो शुभवर्तमान वाचतो खरा, पण निम्म्या उजेडांत वाचतो.

ग्रंथ हरवले, सण राहिले

ह्या सणांचा आपल्या महाराष्ट्राशीं जुना संबंध आहे. आजच्या रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील गांवांत बेने इस्राएल लोक पिढ्यान् पिढ्या राहत आले. आपले पूर्वज गलबत फुटून नवगांवच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेल गाळीत आणि शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्याजवळ शास्त्राचे ग्रंथ उरले नव्हते, हिब्रू भाषाही ते विसरले होते. तरी सण उरले, आणि ते मराठी नांवांनीं उरले. नव्या वर्षाच्या सणास ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्याच महिन्यांत ‘खिरीचा सण’ येई. दारें लावून उपवास करण्याचा प्रायश्चित्ताचा दिवस तो ‘दारफाळणीचा सण’. वल्हांडणास त्यांचें नांव होतें ‘अनाशी ढाकाचा सण’, म्हणजे घरांतील आंबट रसाचें भांडें झाकून ठेवण्याचा सण. वल्हांडणाची हकीकत सांगणारें पुस्तक हातीं नव्हतें, पण त्या दिवसांत आंबलेलें दूर ठेवावयाचें, हें त्यांच्या स्वयंपाकघरानें लक्षांत ठेवलें होतें.

पुढें डॉ. जॉन विल्सन ह्यांनीं १८३२ मध्यें मराठींतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केलें. १८७४ मध्यें तर वल्हांडणाच्या रात्रीं वाचावयाचें ‘हगादा’ हें पुस्तक मराठी भाषांतरासह पुण्यास छापलें गेलें. १९४८ नंतर ह्या समाजांतील बहुतेक लोक इस्राएल देशीं गेले. कांहीं कुटुंबें मुंबई, ठाणें व अलिबागच्या परिसरांत अद्याप आहेत. त्यांच्या इतिहासापासून पालकांनीं एक धडा घ्यावा. ग्रंथ हरवला तरी घरानें आठवण राखली, तर ग्रंथ परत आल्यावर त्याची ओळख पटते. घरच विसरलें, तर कपाटांतील ग्रंथ कोण उघडणार?

वल्हांडण

हा सण निसान महिन्याच्या १४ व्या दिवशीं संध्याकाळीं सुरू होतो. यहूद्यांचे महिने चंद्रावर मोजले जातात. म्हणून तो पौर्णिमेच्या सुमारास, मार्च-एप्रिलांत येतो.

वाचन: निर्गम १२ व लूक २२.

भोजन: बेखमीर भाकर. येथें आपल्या घरीं एक अडचण येते. आपली रोजची पोळी बेखमीरच असते. त्यामुळें मुलास तींत नवल वाटत नाहीं. म्हणून आदल्या रात्रीं पिठाचे दोन गोळे करावे. एकांत खमीर घालून तो झाकून ठेवावा, दुसरा तसाच ठेवावा. सकाळीं फुगलेला गोळा पाहून मूल आपण होऊन कारण विचारील. मग सांगावें कीं, मिसर देशांतून निघतांना इस्राएल लोकांस एवढी रात्रभरही सवड नव्हती. मळलेली कणीक त्यांनीं तशीच वस्त्रांत बांधून खांद्यावर घेतली. यहूदी लोक अद्याप ह्या भाकरीविषयीं इतके दक्ष असतात कीं, पिठास पाणी लागल्यापासून १८ मिनिटांच्या आंत ती भाजून झाली पाहिजे, असा त्यांचा नियम आहे. मुलांच्या हातीं घड्याळ द्यावें आणि आईनें तेवढ्या वेळांत किती पोळ्या होतात तें पाहावें. कडू भाजीसाठीं मेथी किंवा कडुलिंबाचीं दोन कोंवळीं पानें पुरेशीं आहेत. दास्याचा कडूपणा शब्दांनीं समजत नाहीं. तो जिभेस लवकर समजतो.

एक सूचना येथें करणें अवश्य आहे. यरुशलेमेंतील मंदिर इ. स. ७० मध्यें रोमी सैन्यानें पाडलें. यहूद्यांच्या घरांतील आजचा भोजनविधि त्यानंतरच्या काळांत ह्या रूपास आला. म्हणून प्रभूचें शेवटचें भोजन तंतोतंत असेंच झालें, असें मुलांस सांगूं नये. तसेंच दुसऱ्यांची उपासना आपण नाटकासारखी करून दाखवूं नये. शास्त्र वाचावें, भाकर खावी, आभार मानावे, एवढें पुरें.

सप्ताहांचा सण

वल्हांडणानंतर सात सप्ताह मोजून पन्नासाव्या दिवशीं हा सण येतो. त्या देशांत तो गव्हाच्या कापणीचा हंगाम असतो. ह्याच दिवशीं शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला. ह्या सणाच्या अर्पणांत दोन भाकरी असत, आणि त्या मात्र खमिराच्या असाव्या असें लेवीय २३ मध्यें सांगितलें आहे. पहिल्या सणांत खमीर वर्ज्य आणि दुसऱ्यांत आवश्यक, हा भेद चाणाक्ष विद्यार्थ्याच्या नजरेंतून सुटणार नाहीं. घाईनें निघालेल्यांची भाकर एक, आणि स्वस्थपणें आपल्या शेतांत कापणी करणाऱ्यांची भाकर दुसरी.

वाचन: रूथचें पुस्तक, यहूदी लोकही ह्या सणांत तेंच वाचतात. तें कापणीच्या शेतांत घडतें, आणि त्याची नायिका एक परदेशी विधवा आहे. शिवाय प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय २.

हस्तकाम: एका वाटींत ४९ चिंचोके घ्यावे आणि रोज संध्याकाळीं एक चिंचोका दुसऱ्या वाटींत टाकावा. लहान मुलास ह्यांत मोजणी येते, आणि वाट पाहणें म्हणजे काय तेंही कळतें.

मांडवांचा सण

सातव्या महिन्याच्या १५ व्या दिवसापासून सात दिवस इस्राएल लोकांनीं डहाळ्यांच्या मांडवांत राहावें अशी आज्ञा होती. कारण रानांतून येतांना त्यांचे पूर्वज असेच राहिले होते. हा सण बहुधा आपल्या आश्विन पौर्णिमेच्या सुमारास येतो. नहेम्याच्या ८ व्या अध्यायांत लोक डोंगरावर जाऊन जैतून, मेंदी व खजुरी ह्यांच्या डहाळ्या आणतात आणि घरांच्या धाब्यांवर व अंगणांत मांडव घालतात, तें वर्णन मुलांस फार आवडतें.

हस्तकाम: अंगणांत, ओटीवर किंवा गच्चींत चार काठ्या रोंवाव्या आणि वर झावळ्या टाकाव्या. छप्पर इतकें विरळ असावें कीं, त्यांतून तारे दिसावे. यहूदी लोकांचीही तशीच रीत आहे. एक रात्र सर्वांनीं तेथें जेवावें. ज्यांस पक्कें घर आहे त्यांनीं वर्षांतून एकदां घर नसल्याचा अनुभव घ्यावा, हाच ह्या मांडवाचा उपदेश आहे.

आमच्या घरचा अनुभव

आतां माझी स्वतःची एक चूक सांगतों. प्रथम आम्ही घरीं वल्हांडणाचें वाचन ठेवलें, तेव्हां मी वर्गांतल्यासारखा तासभर बोललों. पोळ्या निवाल्या, आणि धाकटी मुलगी माझ्या मांडीवर झोंपली. दुसऱ्या वर्षीं मीं वाचन आटोपशीर केलें. त्यांत अनुवादाचा १६ वा अध्याय घेतला. आनंदाच्या सणांत कोणीं कोणीं सामील व्हावें ह्याची यादी त्यांत आहे: मुलगे, मुली, दास, दासी, लेवी, परदेशी, अनाथ आणि विधवा. मी वाचीत होतों, आणि मागच्या बाजूस मोरीवर भांडीं घासल्याचा आवाज येत होता. मुलगी म्हणाली, “बाबा, मावशी बाहेर कां बसल्या आहेत? त्या यादींत नाहींत कां?”

मजजवळ उत्तर नव्हतें. माझी पत्नी उठली आणि तिनें मावशींस हात धुऊन आंत येण्यास सांगितलें. त्या संकोचानें दाराजवळ बसल्या. त्यांच्या धर्मांत आम्हीं लुडबूड केली नाहीं. फक्त पान वाढलें. मुलीनें त्यांस कणीक फडक्यांत बांधून नेणाऱ्या लोकांची गोष्ट सांगितली. ती ऐकून मावशी म्हणाल्या, “अगं पोरी, आम्हीसुद्धां तशाच निघालों होतों.” १९७२ च्या दुष्काळांत त्या लहान असतांना त्यांच्या कुटुंबानें गांव सोडलें. माणसें नेणारी मालमोटार दाराशीं आली, तेव्हां त्यांच्या आईनें मळलेलें पीठ तव्यावर न टाकतां फडक्यांत गुंडाळलें होतें. सारीं मुलें जेवण थांबवून ऐकत होतीं. निर्गमाचा १२ वा अध्याय मीं पुष्कळ वर्षें शिकविला आहे; पण त्या रात्रीं आमच्या घरीं तो मावशींनीं शिकविला.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे. सणाच्या पानांत एक पान घराबाहेरच्या माणसासाठीं असावें, आणि तें माणूस कोण हें मुलांनीं सुचवावें.

पालकजनहो, ह्या सणांस खर्च फार लागत नाहीं. पिठाचा गोळा, कडू पानें, मूठभर चिंचोके आणि चार झावळ्या एवढें साहित्य पुरतें. कठीण आहे तें एकच: मूल विचारील तेव्हां खरें उत्तर द्यावें लागतें, आणि उत्तर नसेल तर उठून दार उघडावें लागतें. आणि विद्यार्थिमित्रहो, तुमच्याकडे एवढेंच मागणें आहे कीं, यंदां सणाच्या दिवशीं ताट पुढें आल्यावर आपल्या वडिलांस किंवा आईस विचारा, “आपण हें कां करतों?” त्या प्रश्नाची शास्त्र वाट पाहत आहे.