तंबूंतील आरोग्यधाम

अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पायथ्याशी, समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट उंचीवर डेन्व्हर हे शहर वसलेले आहे. तेथील हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्षयावर औषध नव्हते. रॉबर्ट कॉख याने १८८२ मध्ये या रोगाचे जंतू शोधून काढले होते खरे; परंतु शत्रूची ओळख पटली म्हणून तो लगेच जिंकता येतो असे थोडेच आहे! मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार, एवढेच उपाय डॉक्टरांच्या हाती होते. म्हणून दूरदूरचे क्षयरोगी डेन्व्हरला येत. त्यांतील पुष्कळ जण निर्धन असत आणि कित्येक तर रस्त्यातच कोसळत.

हे दृश्य फ्रान्सिस जेकब्स या ज्यू समाजसेविकेला पाहवेना. गरीब रोग्यांसाठी रुग्णालय हवे, असा आग्रह तिने धरला. १८९२ मध्ये कोनशिला बसली. पण त्याच वर्षी तिचे निधन झाले. १८९३ मध्ये इमारत पुरी झाली, तोच रुप्याचा भाव कोसळला, कोलोरॅडोतील खाणी व पेढ्या बुडाल्या. सहा वर्षे ती वास्तू रोग्यांवाचून रिकामी उभी होती. अखेर ब्नाय ब्रिथ या ज्यू संघटनेने साहाय्य केले आणि १० डिसेंबर १८९९ रोजी ‘नॅशनल ज्यूइश’ रुग्णालयाचे दार उघडले. तेथे कोणत्याही धर्माच्या रोग्यास विनामूल्य प्रवेश असे.

मात्र एक अट होती. ज्याचा रोग प्रथमावस्थेत आहे, त्यालाच घेतले जाई. खाटा थोड्या, तेव्हा बरा होण्याजोगा रोगी आधी घ्यावा, हा हिशेब निर्दय म्हणता येणार नाही. परंतु ज्याचा रोग बळावला आहे, त्याने जावे कोठे?

या प्रश्नाचे उत्तर श्रीमंतांनी दिले नाही. पूर्व युरोपातून आलेले गरीब ज्यू कामगार एकत्र आले. त्यांतील कित्येक स्वतःच क्षयाने ग्रासलेले होते. रशियात जन्मलेले डॉ. चार्ल्स स्पिव्हाक त्यांचे धुरीण झाले. १९०४ मध्ये शहराच्या पश्चिमेस माळरानावर तंबू ठोकून या संस्थेने काम सुरू केले. रोग कोणत्याही अवस्थेत असो, रोग्याला परत पाठवायचे नाही, असा तिचा नियम होता. ज्यू धर्माच्या आहारनियमांप्रमाणे स्वयंपाक होई, कारण परक्या मुलखात मरणाशी झुंजणाऱ्याला आपले अन्न हवे असते. लोकवर्गणी गावोगावच्या कष्टकऱ्यांकडून येई. असाध्य रोग्यांना आश्रय दिल्यास शहरात त्यांची रीघ लागेल, अशी टीका जुन्या रुग्णालयाचे पुरस्कर्ते रब्बी विल्यम फ्रीडमन यांनी केली. स्पिव्हाक मात्र ढळले नाहीत.

पुढे तंबूंच्या जागी इमारती आल्या. स्वतःची शेती, गोठा, इतकेच काय टपालकचेरीही झाली. यिद्दिश भाषेचे कवी येहोआश क्षयामुळेच डेन्व्हरला आले होते. त्यांनी स्पिव्हाक यांच्या सहकार्याने यिद्दिश शब्दकोश सिद्ध केला. १९३० नंतरच्या दशकात एच. लाइव्हिक हे नामवंत कवीही येथे उपचार घेत होते. १९२७ मध्ये स्पिव्हाक वारले. आपला देह वैद्यकीय अभ्यासासाठी द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

१९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. औषधाने क्षय बरा होऊ लागल्यावर आरोग्यधामांतील खाटा रिकाम्या पडू लागल्या. स्पिव्हाक यांची संस्था १९५४ मध्ये कर्करोगाच्या संशोधनाकडे वळली. ‘नॅशनल ज्यूइश’ मात्र आजही डेन्व्हरमध्ये श्वसनरोगांवर उपचार करीत आहे.